पाळणाघराची जाहिरात

पंच्याऐंशी साली नीलिमाने अंबरनाथ पूर्वेला राहत्या घरातच पाळणाघर काढलं. महिना उलटला तरी एक मूल येईना, कारण तिचाच दोन वर्षांचा मिहिर असं भोकाड पसरायचा की रस्त्यापर्यंत ऐकू जायचं.

नवरा गुरुदत्त कारखान्यात जनसंपर्काचं काम बघायचा. तो म्हणाला, "अगं, या रडण्याचाच उपयोग करू. संध्याकाळी बायका ऑफिसातून परततात तेव्हा मी पालक असल्यासारखा याला फाटकातून बाहेर न्यायला लागतो. लोकांना वाटेल, पोराला पाळणाघर सोडून घरी जायचंच नाही."

तिसऱ्या दिवशी समोरच्या नव्या बिल्डिंगमधली कुंदा मुलीला कडेवर घेऊन, गुरुदत्तच्या हातात रडणाऱ्या मिहिरकडे बघत फाटकाशी थबकली. "किती लळा लावलाय हो तुम्ही."

"सगळीच मुलं अशी रडतात जाताना," नीलिमा रेटून बोलली.

कुंदाने मुलीला घट्ट धरलं. "मग नको बाई. मी दमून घ्यायला यायचं आणि हिने तुमच्यासाठी रडायचं?"

पहिलंच मूल हातचं जाताना बघून नीलिमाचा धीर सुटला. "अहो, हा माझाच मुलगा. हे त्याचे बाबा. परक्या मुलाला माझ्याकडे करमेल की नाही, मलाच शंका आहे."

कुंदाचा चेहरा उजळला. "मग उद्या किती वाजता आणू हिला?"