हरणारा कॉम्प्युटर

प्रोग्रामरच्या नोकरीसाठी यशोधरा अंबरनाथहून उल्हासनगरच्या एका ऑफिसात गेली. मालक कमलेश शेठ म्हणाले, "कॉम्प्युटरबरोबर खेळायचा फुल्ली-गोळा बनवून दाखव." दुपारपर्यंत तिने गेम इतका चोख बनवला, की त्यात कॉम्प्युटर हरणं शक्यच नव्हतं.

शेठ स्वतः खेळायला बसले आणि हरले. परत खेळले, परत हरले. मागे उभा असलेला स्टाफ तोंड दाबून हसायला लागला, तसे शेठचे कान लाल झाले.

आता कसली मिळते नोकरी, असं यशोधराला वाटलं. "सर, एक छोटी चूक राहिलीय, दोन मिनिटं द्या," म्हणत तिने हळूच एक ओळ बदलली.

पुढचा डाव शेठ जिंकले. त्याच्या पुढचाही जिंकले. "अरे देखो, कॉम्प्युटरला हरवला मी!" असं ओरडत त्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला.

चहा झाल्यावर त्यांनी यशोधराला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"बेटा, तू मला मुद्दाम जिंकवलंस, ते समजलं मला. उद्यापासून ये. पण प्रोग्रामिंगला नाही, सेल्सला!"