चांगला पाय आधी

“चांगला पाय आधी वर,” मालिनी म्हणाली. “आता ऑपरेशनचा. मग काठी.”

चारुदत्त दात आवळत पायरी चढले. शेजारच्या आप्पांच्या गच्चीवर जाणारा हा बाहेरचा जिना मालिनीने सरावासाठी मागून घेतला होता. या दोघांचं स्वतःचं घर बैठं, उंबऱ्याखेरीज चढायला काही नाही. खुब्याचा सांधा बदलल्यापासून व्यायाम शिकवायला येणारी अपूर्वा म्हणालीसुद्धा, की काका भाट्याच्या पुलापर्यंत झकास जाऊन येतात, जिन्याची एवढी घाई कशाला? पण यांचं एकच टुमणं, जिना जमला पाहिजे.

मालिनीला कारण ठाऊक होतं. ऑपरेशनच्या दिवशी तिने भगवतीला नवस बोलला होता, की पाय बरा होऊ दे, दोघं पायऱ्या चढून ओटी भरायला येऊ. जन्मभर देवळाबाहेर चपला राखत उभा राहिलेला हा माणूस ते ऐकून चक्क “बरं” म्हणाला. तिला रडूच आलं.

तसे चारुदत्त गोड बोलणाऱ्यांतले नव्हेत. आमटी अळणी झाली की ताट सरकवायचे. पाचाच्या ठोक्याला पत्ते खेळायला पसार, ते जेवायच्या वेळेला उगवायचे. खुबा झिजला, पत्ते सुटले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा नवरा तिच्या वाट्याला आला. तिने त्यांना आंघोळ घातली, मोजे चढवले, उंच खुर्ची करून घेतली, मांडी घालू दिली नाही. पत्त्यांच्या मंडळींतलं एकही माणूस विचारपूस करायला फिरकलं नाही, याचा राग तिलाच आला.

“असू दे गो,” ते म्हणाले. “कोणाला कशाला तसदी?”

एकदा तर तिच्या खांद्यावर हात टेकून म्हणाले, “तू होतीस म्हणून उभा राहिलो.” हे तिने चार जणींना तरी ऐकवलं असेल.

आज ते अख्खा जिना न थांबता चढले आणि उतरले. घरी येताच तिने विचारलं, मंगळवारी जायचं का भगवतीला? बघू, म्हणाले. पाच वाजायला आले होते. इस्त्रीचा शर्ट घातला आणि फेरी मारून येतो म्हणून निघाले. काठी दारामागेच राहिली.

विसरले वाटतं. काठी घेऊन मालिनी मागोमाग धावली. ती गाठेपर्यंत ते बाजाराच्या रस्त्याने पुढे जाऊन एका जुन्या इमारतीत शिरले. लिफ्ट नाही, जिना अरुंद, वर अंधार. हाक मारली तर पाय चुकायचा, म्हणून ती खालीच कठडा धरून गप्प उभी राहिली.

चांगला पाय आधी, मग ऑपरेशनचा. एकही चूक नाही. तिला त्यांचा असा काही अभिमान वाटला, की डोळे भरून आले.

दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं.

“आलात एकदाचे,” एका बाईचा लाडावलेला आवाज आला. “किती महिने पाचाचा चहा मी एकटीने प्यायचा? आणि जिना जमला?”

“न जमायला काय झालं? घरी फुकटची नर्स आहे ना,” चारुदत्त म्हणाले, आणि दार लागलं.