शुक्रवार, अकरा बेचाळीस

जन्म आणि मरण माणसाच्या हाती नसतं, हे त्रिकालाबाधित सत्य. त्यातला जन्म मात्र हल्ली मिरजेतल्या कुठल्याही औषधाच्या दुकानातून पुढे ढकलून मिळे. दंडाला एक पट्टी चिकटवली की गर्भाशयाच्या स्नायूंतली पोटॅशियमची दारं सताड उघडी राहत. मग हार्मोननं कितीही हाका मारल्या तरी स्नायू ढिम्म हलत नसे आणि कळा थांबत.

ऋजुता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मंगळवारी कळा सुरू झाल्या, तेव्हा तिच्या वडिलांनी, त्र्यंबकरावांनी, पंचांग उघडून शुक्रवारी अकरा बेचाळीस ही वेळ काढली आणि पट्टी आणली.

"दोन दिवसांच्या वर ठेवू नका," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. गुरुवारी दोन दिवस भरले. त्र्यंबकरावांनी कुणाला न विचारता दुसरी पट्टी लावली.

"बाबा, सकाळपासून हललं नाहीये हो ते," ऋजुता संध्याकाळी म्हणाली.

"समजूतदार आहे. तुझ्यावर गेलं नाही, एवढं नक्की."

ती हसली. तेही हसले.

शुक्रवारी सकाळी हिशेबानं पट्टी काढली. दवाखान्यात बरोबर अकरा बेचाळीसला मुलगी झाली, पण ती रडली नाही. नर्सनं तिची पाठ चोळली, पुन्हा चोळली, आणि शेवटी दुपट्यात गुंडाळून तिला त्र्यंबकरावांच्या हातात दिलं.

नोंदणीच्या खिडकीशी उभे राहून ते म्हणाले, "वेळ लिहून घ्या. अकरा बेचाळीस."

कारकुनानं मान वर केली.

"आजोबा, मृत जन्माच्या फॉर्मला वेळेचा रकाना नसतो. फक्त तारीख."