पास्कोची नवी बॅटरी

लॉर्नाने फ्यूज हातात घेतला, दोनदा उलटापालटा केला आणि ॲप्रनच्या खिशात टाकला. मग वायर बॅटरीला तशीच थेट आवळून टाकली.

पास्कोच्या राहायच्या गाडीतल्या पलंगाखालच्या खोपच्यात ती पोटावर आडवी झाली होती. जुन्या शिशाच्या दोन बॅटऱ्या, एकेक मेंढीच्या वजनाची, तिने सकाळीच उतरवल्या होत्या. त्यांच्या जागी आता लिथियमची बसली होती. हलकी, गप्प, पण वायर कुठे उघडी पडलीच तर सगळी ताकद एका दमात ओतणारी. अशा वेळी फ्यूज जळतो आणि माणूस वाचतो. फ्यूज नसला तर वायर पेटते. ती वायर पत्र्यातल्या भोकातून पलीकडे जात होती, आणि भोकाच्या कडेला लॉर्नाने रबरही लावलं नाही. पुढे ऑस्ट्रेलियातलं नलारबॉरचं उजाड माळरान होतं, शेकडो मैलांचे हादरे होते. पत्र्याची धार सावकाश आपलं काम करील. आगीला घाई नव्हती. लॉर्नालाही नव्हती.

"बाई, चहाला आधण ठेवलंय," पास्को बाहेरून म्हणाला. "ओतायचा मात्र तुम्हीच. माझ्या हातांचा काही भरवसा नाही."

तोच आवाज. सव्वीस वर्षांनी तिने तो पहिल्या शब्दाला ओळखला होता. त्याने तिला ओळखलेलं दिसत नव्हतं. तेव्हाची काडीसारखी पोरगी आता पिकल्या केसांची जाडजूड बाई झाली होती, आणि तिच्या वर्कशॉपच्या दारावरच्या पाटीवर नवऱ्याचं आडनाव होतं.

तेव्हा व्हायला गावातल्या गॅरेजात पास्को मुख्य वायरमन होता आणि ती त्याच्या हाताखाली. तिथे काम केलेली एक कॅरवॅन पेटली. सात वर्षांच्या मुलीचे दोन्ही हात भाजले. चौकशीत निघालं, गाडीत फ्यूजच नव्हता. मी लावला होता, असं लॉर्ना जीव तोडून सांगत राहिली. पास्को खाली मान घालून म्हणाला, "पोरगी नवी आहे. विसरली असेल." परवाना गेला, तो तिने सोसला. पण तिचा बाप स्वतः चाळीस वर्षं वायरमन होता. तो त्या दिवसापासून तिच्याशी बोलला नाही. तसाच गेला.

आणि काल दुपारी पास्को स्वतःच्या पायाने तिच्या दारात आला. हात थरथरतात, पाना धरवत नाही, म्हणाला. बॅटरी बदलून द्या, एकटाच पश्चिमेला निघालोय. देव या माळावर फिरकत नाही असं कोण म्हणतं, लॉर्नाच्या मनात आलं.

तिने बॅटरीवर झाकण दाबलं, पलंग खाली केला आणि नळावर जाऊन कितीतरी वेळ हात चोळत राहिली. परत येऊन चहा ओतला.

"आता निवांत झोपा," ती म्हणाली. "ऊब कमी पडायची नाही."

"फ्यूज लावलात ना?"

"लावला की." तिची पापणीही हलली नाही.

पास्कोने मान हलवली. चहा अर्धा सांडत, अर्धा पीत संपवला. गाडीत चढला, इंजिन सुरू केलं आणि खिडकीतून बाहेर वाकला.

"लॉर्ना नोस्के," तो म्हणाला.

तिचं माहेरचं नाव.

"तुझा शब्द पुरे मला. त्या वेळीही तू 'लावला' म्हणालीस, आणि तो लावलेलाच होता. दुसऱ्या गिऱ्हाइकाची घाई होती, म्हणून त्याच्या गाडीसाठी मी काढून घेतला. परत लावायचा राहिला. चौकशीवाल्यांना सगळं लिहून पाठवलंय मी. तुझ्या बापाला सांगायला मात्र उशीर झाला."

त्याने गिअर टाकला. गाडी हलली.

हे ऐकायला लॉर्ना सव्वीस वर्षं थांबली होती. आता ऐकलं, तर कानात दुसरंच घुमत होतं. 'लावला की.' किती सहज निघालं होतं तोंडातून.

ती धावत पुढे गेली आणि बॉनेटवर थाडकन हात मारला. "बंद कर गाडी! उतर खाली!"

तिने पलंग वर ढकलला, झाकण उपटलं, वायर सोडवली. भोकाला रबर लावलं. खिशातून फ्यूज काढून जागेवर बसवला आणि नट आवळता आवळता ओरडली, "तुला माफ केलं असं समजू नकोस. माझ्या हातची वायर आजवर पेटली नाही. तुझ्यापायी पेटणार नाही."

पास्को दारात उभा होता. त्याच्या तोंडावर ना भीती, ना नवल. ते पाहून ती आणखीच भडकली.

"विचार ना, फ्यूज माझ्या खिशात कसा ते!"

"विचारायचं काय त्यात? मघाशी तू हात धुवायला गेलीस, तेव्हाच झाकण उघडून पाहिलं होतं मी."