नीट बंद करा

त्या पत्राला अबुजर मास्तरांनी कधी उत्तर दिलं नव्हतं. आणि आता ते पत्र लिहिणारा माणूसच तुळजापूरकडच्या वाशी गावातल्या त्यांच्या घरी, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता.

"हे यंत्र ऐकत नाही, मास्तर," शरणबसप्पा सर म्हणाले. "म्हणजे खरंच ऐकत नाही. हेडफोनच्या भोकातून आवाज आतच घेत नाही. तुळजापुरातला दुकानदार म्हणतो, नवा घ्या. मग कुणी तरी तुमचं नाव सांगितलं. वाचनालयातली जुनी कॉम्प्युटरं तुम्ही लिनक्स घालून चालू केलीत म्हणे."

"पुस्तकात बघून केली. जमेलच असं नाही."

सरांच्या चेहऱ्यावर जुनं काही दिसत नव्हतं. मास्तरांना मात्र पत्र पाठ होतं. नव्वद साली सर लोकगीतं गोळा करत फिरत होते. मास्तरांनी आपल्या आईच्या, जमिलाबीच्या गाण्यांची कॅसेट विश्वासानं त्यांच्या हाती दिली. जात्यावरची गाणी, पाळणे, निम्मी दखनी, निम्मी मराठी. तिची दुसरी प्रत नव्हती. पुढच्या वर्षी जमिलाबी गेली. गाणी सरांच्या पुस्तकात छापून आली. कॅसेट आली नाही, पत्र आलं. 'कॅसेट गहाळ झाली. अशा गोष्टी होतात. मनाला लावून घेऊ नये.'

मास्तरांनी उत्तरं लिहिली आणि फाडली. एखादं फार मऊ वाटे, एखादं फार उद्धट.

त्यांनी लिनक्स घातलेला पेनड्राइव्ह लावला. "आधी याच्यावरून नुसतं चालवून बघू. लॅपटॉपचं काय काय चालतं ते कळेल. आतल्या डिस्कला हात लागत नाही."

पडदा उजळला. कळफलक चालला, टचपॅड चाललं. वायफायची चिप लिनक्सनं ओळखलीच नाही.

"वायफाय नको मला," सर घाईनं म्हणाले. "ते भोक तेवढं बघा."

मास्तरांनी माइकची वायर खोचली आणि "एक, दोन, तीन" म्हटलं. लॅपटॉपनं ते स्वच्छ परत म्हणून दाखवलं. सर लहान पोरासारखे टाळी वाजवून मोकळे झाले.

"मधेच बंद तर पडणार नाही ना? एकदाच होण्यासारखं काम आहे. दुसऱ्यांदा जमायचं नाही."

"आत्मकथन?" मास्तरांनी विचारलं. सर स्वतःच्या आवाजात आत्मकथन करणार असं पेपरात आलं होतं.

सर हसले. "तसंच समजा. झालं की पहिल्यांदा तुम्हालाच ऐकवीन."

लॅपटॉप ठेवून ते एसटीला गेले. शाहिस्ता कपबश्या उचलत होती.

"अम्मीचा आवाज गिळून बसलेला माणूस," ती नवऱ्याला म्हणाली. "त्याला चहा काय, पोहे काय! आता मशीनपण नीट करून द्या. तुम्हाला राग म्हणून येत न्हाय का हो?"

"येतो," मास्तर म्हणाले. "लई उशिरा येतो."

दुपारी त्यांनी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. सगळं जसंच्या तसं उघडलं, पण मघाचं "एक, दोन, तीन" कुठंच नव्हतं. ते तसंच असायचं. पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघताना जे काही करावं, ते बंद केलं की पुसलं जातं. टिकवायचं तर लिनक्स डिस्कवर बसवावं लागतं. त्यासाठीचं चित्र पडद्यावर समोरच होतं. त्याच्यावर एकदा टिचकी मारायची आणि थोडा वेळ बसून राहायचं.

मास्तर बराच वेळ त्या चित्राकडं बघत राहिले. स्वतःचा एवढा आवाज पेपरात, सभेत, पुस्तकात. आणि आईचा गहाळ झाला. त्यांनी टिचकी मारली नाही. पेनड्राइव्ह काढून त्याच्या जागी तसलाच, पण नखाएवढा, बाहेर दिसणारही नाही असा दुसरा बसवला. चालू केलं की लॅपटॉप आपोआप त्याच्यावरूनच सुरू होईल, अशी सोय केली.

सर न्यायला आले तेव्हा मास्तर एवढंच बोलले, "हा इथला काढायचा नाही. आणि काम झालं की नीट बंद करा. तिथं बंद करायचं बटण आहे, ते दाबून."

"तुम्ही म्हणाल तसं," सर म्हणाले.

थोड्या दिवसांनी फोन आला. आवाजात नुसता उत्साह होता. "झालं, मास्तर! दोनदा ऐकूनही बघितलं. उद्या घेऊन येतो."

मास्तरांनी पोस्टकार्ड काढलं. या वेळी एकही फाडावं लागलं नाही. 'तुमचं ध्वनिमुद्रण गहाळ झालं. अशा गोष्टी होतात. मनाला लावून घेऊ नये.' खाली सही. सकाळी स्टँडवर जाताना त्यांनी ते पोस्टाच्या पेटीत टाकलं. आत पडल्याचा बारीकसा आवाज आला. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यांची पाठ सरळ झाली.

तुळजापूरची गाडी लागली. सर पिशवी छातीशी धरून उतरले.

"इथंच बसू, मास्तर. घरापर्यंत दम निघायचा न्हाय."

स्टँडवरच्या बाकावर बसल्यावर त्यांनी आधी खिशातून एक कॅसेट काढून मास्तरांच्या हातात ठेवली. तपकिरी पट्टीचे तुकडे बाहेर लोंबत होते. वर मास्तरांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'अम्मी'.

"कपाटात दुसऱ्याच डबीत सापडली. आवाज हाती येईपर्यंत तुम्हाला सांगायची लाज वाटत होती. पट्टीला बुरशी. सोलापूरचा दुरुस्तीवाला म्हणाला, फार तर एकदा वाजेल. म्हणून तर ते भोक पाहिजे होतं. टेपवरून वायर थेट लॅपटॉपात घेतली. शेवटचा पाळणा संपला आणि पट्टीचा भुगा झाला."

सरांनी लॅपटॉप मांडीवर उघडला.

"पण आता काळजी न्हाय. सगळं आत आहे. तुम्ही सांगितलं तसं नीट बंद करूनच आणलंय," ते म्हणाले आणि त्यांनी कळ दाबली.