खांबाची तार

पौर्णिमाचा शेजारच्या आबासाहेबांशी नालीवरून अबोला होता. एकमेकांचे निरोप ग्रामसेवक म्हणून मीच पोचवायचो. तिच्या घरावरच्या हॅम रेडिओच्या खांबाला आधाराची एक तार आबासाहेबांच्या अंगणात बांधावी लागणार, म्हणून ग्रामसभेत त्यांचा होकार हवा होता. “तिला इचारा, खांब कशाला?” आबासाहेब मला म्हणाले. “त्यांना सांगा, मोबाईल बंद पडले तरी रेडिओवर बोलता येतं,” पौर्णिमाही मलाच म्हणाली. आबासाहेबांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. “भाऊसाहेब, पुरात समदे फोन बंद होते. मग माझी लेक अंबाजोगाईत सुखरूप बाळंत झाली, ह्यो निरोप तुमी आणलात; तुमाला त्यो कुणी दिला?” ‘माझं नाव घेऊ नका,’ असं पौर्णिमानं बजावलं होतं. मी नाव घेतलं नाही, पण नजर तिच्याकडं गेलीच. आबासाहेब उठले, थेट तिच्यासमोर उभे राहिले. “पोरी, माझ्या म्हशीचा खुंटा लई पक्का हाय. त्यालाच बांध तुझी तार.”