उजव्या हाताचा मोजा

शिरोलीच्या फौंड्रीत भट्टी पेटलेली असताना उदयसिंहांना फोन आला. त्यांची बायको संयोगिता बावड्याच्या रस्त्यावर रिक्षात बसल्या बसल्याच गेली होती. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

गुरुवार होता. दर गुरुवारी ती अंबाबाईला जाते म्हणून सांगायची. मग बावड्याला कशाला?

तिच्या पिशवीत गोल्फचा एक हातमोजा निघाला. घामानं कडक झालेला, चोळामोळा. उदयसिंहांनी तो उलगडला. गोल्फ खेळणारे मोजा डाव्या हातात घालतात. हा उजव्या हाताचा होता. असा मोजा डावखुऱ्यालाच लागतो, आणि ते स्वतः खेळायचे त्या क्लबात डावखुरा एकच होता, राजवर्धन. घर बावड्यात.

अस्थींचा तांब्या परसातल्या पेरूला टांगलेला राहिला.

"नदीला कधी सोडायच्या रं?" धोंडुआत्यानं विचारलं.

"बघू."

"गुणाची पोर. लग्न होऊन आली तवा पळी धरायचं वळण न्हवतं तिला. तुझ्या आईनं हातावर मारून लावलं. पुन्हा कधी चुकली न्हाय."

उदयसिंह मोजा खिशात घालून उठले.

रविवारी ते मैदानावर गेले. राजवर्धन जवळ आला, वहिनींचं फार वाईट झालं म्हणाला. खेळ सुरू झाला. उदयसिंहांचा पहिलाच चेंडू उजवीकडं झाडीत गेला.

"दादा, मान वर काढू नका. चेंडू गेला तरी नजर खालीच ठेवायची. आणि स्टिक किती आवळताय! लाटणं आवळलं की चपाती फाटतीया."

उदयसिंहांचे हात थांबले. हेच वाक्य संयोगिता महिन्याभरापूर्वी जेवताना बोलली होती. गोल्फमधलं तिला काय कळतंय, म्हणून ते हसले होते.

"हे तुला कुणी सांगितलं?"

राजवर्धननं नजर चुकवली. "असंच."

उदयसिंहांनी खिशातला मोजा त्याच्या छातीवर फेकला. "घाल."

"दादा..."

"घाल म्हणतो न्हवं!"

राजवर्धननं स्वतःचा मोजा काढला आणि फेकलेला घालायला गेला. बोटांच्या पेरातच अडकला.

"मला कसा बसंल? बायकी मापाचा हाय. वहिनींचाच." तो हळू बोलला. "आमच्या परड्यात चेंडू मारायला जाळी बांधलीया. तिथं माझी बायको आन् मी शिकवत हुतो त्यास्नी. दिवाळीला तुमच्यासंगं खेळायला उतरणार हुत्या. सांगू नका म्हणाल्या."

"खोटं! हा डावखुऱ्याचा मोजा हाय."

राजवर्धन त्यांच्याकडं बघतच राहिला.

"मग? वहिनी डावखुऱ्याच की. तुम्हांला म्हाईत न्हवतं?"

तांब्या अजून पेरूलाच टांगलेला होता.